चार वाजून दहा मिनिटं

देऊळगाव राजात बालाजीची यात्रा आटोपली की लॉजवाल्यांना भरदिवसा झोपा येतात. यात्रेत एकेका खोलीत आठ-आठ माणसं, जिन्यात वळकट्या, गच्चीवर वाळत घातलेली लुगडी; आणि दिवाळी सरली की सगळं सामसूम. इंद्रभानच्या लॉजचीही तीच गत. बावीस खोल्या, त्यातल्या एकवीस कुलूपबंद. गाद्या हॉलमध्ये एकावर एक रचून वर ताडपत्री टाकलेली, मोठी पातेली पालथी घातलेली. दाराशी चपला ठेवायची लाकडी मांडणी, शंभर जोड मावतील अशी. तिच्यात एकच जोड होता आणि तो पंजाबरावांचा होता.

पंजाबराव सहा नंबरच्या खोलीत राहायला आले ते बायकोच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी. हातात रेक्झिनची पिशवी, अंगात एसटीचा जुना खाकी स्वेटर. इंद्रभान त्यांच्याच वयाचा, स्टँडसमोर चहाची टपरी होती तेव्हापासूनचा ओळखीचा. त्याने वहीत नाव लिहिलं, गाव लिहिलं, 'सोबत किती' इथे एक लिहिलं आणि 'येण्याचे कारण' या रकान्याशी पेन थांबवून वर पाहिलं. कारण त्याला ठाऊक होतं. अर्ध्या तालुक्याला ठाऊक होतं.

"काय लिवू?"

"दर्शन लिव," पंजाबराव म्हणाले.

जवळच्याच आपल्या गावात चांगलं चार खोल्यांचं घर असलेला, हाताशी मुलगा-सून असलेला माणूस म्हातारपणी रिकाम्या लॉजवर का राहील? तर घराला कुलूप लागलं होतं म्हणून. आणि ते कुलूप पंजाबरावांच्या एका वाक्याने लागलं होतं.

हा माणूस तीस वर्षं एसटीत होता. आधी कंडक्टर, मग शेवटची चौदा वर्षं स्टँडवर कंट्रोलर. गाडी आत शिरली की आधी मनगटाकडे बघणार, मग गाडीकडे. जालन्याची गाडी उशिरा आली की ड्रायव्हर खिडकीशी येऊन गयावया करायचे, साहेब, पाच मिनिटं कमी दाखवा, रस्त्यात ट्रक आडवा होता. पंजाबराव म्हणायचे, "ट्रक शेऱ्यात लिहितो. टाइम तो टाइम." त्यापायी कित्येकांनी त्यांना शिव्या घातल्या, एकाने तर निरोपाच्या कार्यक्रमाला येऊन हारही घातला नाही. पंजाबरावांना त्याचं काही वाटलं नाही. उलट थोडा अभिमानच वाटला असावा. माणसं देवळाच्या पायऱ्या घासून जे पुण्य मिळवतात ते आपण मनगटावर बांधून फिरतो, असा त्यांचा एकंदर थाट.

रिटायर होऊन गावी आले, तर गावानेही त्यांची ही खोड कामाला लावली. पोर जन्मलं की पत्रिकेसाठी वेळ पंजाबराव सांगणार. लग्नात मुहूर्ताची घटका आली की गुरुजी मंगलाष्टकं लांबवत पंजाबरावांकडे बघणार, ते मान हलवणार आणि मग वाजंत्री वाजणार. आमच्याकडची लग्नं दोन-दोन तास उशिरा लागतात, पण ती किती उशिरा लागली हे मिनिटासकट कुठे कळत असेल तर ते या गावात. कंट्रोलरने वेळ सांगितली म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

गोजरबाई, म्हणजे त्यांची बायको, दम्याने कित्येक वर्षं हैराण. मार्गशीर्षातल्या त्या रात्री त्रास नेहमीइतकाच होता, जास्त नव्हता. मधल्या खोलीत दोघांच्या दोन खाटा, त्यांच्यामध्ये हातभर जागा. भिंतीपलीकडे मुलगा गजेंद्र आणि सून पुष्पांजली. एक वाजून पाच मिनिटांनी गोजरबाई म्हणाल्या, "पानी द्या जरा." वेळ पक्की, कारण डोळा उघडल्याबरोबर पंजाबरावांनी सवयीने घड्याळ पाहिलं होतं. "देतो," ते म्हणाले. देणारच होते. थंडी होती, पांघरूण अंगाभोवती घट्ट गुंडाळलेलं होतं, ते सोडवून उठायचं एवढंच बाकी होतं. तेवढ्यात डोळा लागला.

अडीच वाजता लघवीला उठले तेव्हा आधी पाण्याचीच आठवण झाली. माठातून पेला भरला, तिच्या मानेखाली हात घातला. मान गार होती. तरी पाणी ओठाला लावलं. ते तोंडाच्या कडेने ओघळून उशीत मुरलं. पुन्हा लावलं, पुन्हा ओघळलं. पेला अर्धा झाला तेव्हा त्यांचा हात थांबला.

अशा वेळी माणूस हंबरडा फोडतो, पोराला उठवतो. पंजाबराव खाटेच्या काठावर बसून राहिले. रडू येत होतं, पण रडलं की माणसं जमणार आणि जमली की विचारणार. आपल्याकडे मेलेल्या माणसाबद्दल पहिला प्रश्न हाच असतो की शेवटी तोंडात पाणी कोणी घातलं. भीती वाटत होती, लाज वाटत होती, आणि त्या दोहोंत बायको गेल्याचं दुःख करायलाही जागा उरली नव्हती. पावणेदोन तासांच्या आसपास ते तसेच बसले. मग भिंतीवर थाप मारून गजेंद्रला उठवलं.

"आत्ताच गेली," ते म्हणाले. "चार वाजून दहा मिनिटं. माह्या हातानं पाणी पिली अन् गेली."

सकाळी अंघोळ घालताना शेजारची सोजराबाई म्हणाली, "लवकरच ताठल्या हो बाई." दुसरी म्हणाली, थंडीचं असंच होते. विषय तिथे संपला.

विषय संपला नाही तो ओट्यावर. गुरुजी पंचांग मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी वेळ विचारली. सगळ्यांनी पंजाबरावांकडे पाहिलं. चार दहा, ते म्हणाले. गुरुजींचं बोट एका ओळीवर थांबलं. "नक्की?" त्यांनी विचारलं.

"कंट्रोलरले इचारता काय गुरुजी?" गर्दीतून भाऊराव म्हणाले. नव्वदीचे भाऊराव, काठी टेकत आलेले.

"तसं नाही. तीन बावीसले पंचक लागलं. त्यातही धनिष्ठा नक्षत्र. तीन बावीसच्या आत असतं तर काहीच नव्हतं." गुरुजींनी चष्मा काढला. "घर पाच महिने सोडावं लागते."

आता बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायला हवं होतं की गुरुजी, चुकलं, अडीचला गेली. पण मग चार दहापर्यंत काय करत होता? आणि पाणी पिऊन गेली म्हणाला ते? आतमध्ये बायका तेच एकमेकींना सांगत होत्या, नवऱ्याच्या हातचं पाणी पिऊन, कपाळाचं कुंकू घेऊन सवाष्ण गेली, सोनं झालं. पंजाबरावांनी चार दहाच राहू दिलं. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या फरकाने घराला कुलूप लागलं. ड्रायव्हरांना पाच मिनिटांची सूट न देणाऱ्या या माणसाने स्वतःला किती दिली ते आता मोजत बसायचं काय.

चितेवर कणकेचे पाच पुतळे ठेवून गोजरबाईंना अग्नी दिला. पंचकात गेलेलं माणूस एकटं जात नाही, आणखी पाच जणांना ओढतं, म्हणून हे पुतळे. पुतळ्यांनी भागलं तर बरं, नाहीतर खरी माणसं लागतात. असा हिशेब लोकांच्या डोक्यात एकदा बसला की तो मोडायला देव आला तरी त्याला आधी त्याची जन्मवेळ विचारतील.

तेरवी झाली आणि घर बंद झालं. गजेंद्र आणि पुष्पांजली शेतात गेले. तिथे शेडनेटच्या कडेला टिनाची एक खोली होती. बियाण्याच्या कंपनीसाठी ते मिरचीचं बी करायचे, त्याचं सामान ठेवायची ती जागा. तिसऱ्या माणसाला खाट टाकायलाही जागा नव्हती. नातेवाइकांत साखरखेर्ड्याचा साडू तेवढा म्हणाला होता की आमच्याकडे चला, पण म्हणतानाच तो बायकोकडे बघत होता. पंचकाच्या घरातला माणूस, त्यातून ज्याच्या हातावर जीव गेला तो माणूस, पाच महिने घरात कोण घेणार? पंजाबरावांनी सगळ्यांची अडचण सोडवली. म्हणाले, मी इंद्रभानच्या लॉजवर राह्यतो.

गजेंद्रने मान खाली घातली. नको म्हणाला नाही.

तसं पाहिलं तर खोली वाईट नव्हती. खिडकीतून स्टँडचं मागचं अंगण दिसे. पंजाबराव सज्जात खुर्ची टाकून बसत आणि गाड्या येताना-जाताना बघत. चिखलीची आठ मिनिटं लेट. जालना वेळेवर. मेहकर आलीच नाही. लिहायला वही नव्हती आणि विचारायला कोणी नव्हतं. एकवीस बंद दारांसमोरून संडासाकडे जाताना आपल्याच पावलांचा आवाज मागून यायचा, आणि पहिले काही दिवस ते वळून बघायचे. खानावळीचा डबा यायचा. वहीत दर्शन लिहिलं होतं खरं, पण महिनाभरात देवळाकडे पाय वळला नाही. बालाजीसमोर उभं राहिलं तर काय बोलायचं हे ठरत नव्हतं.

इंद्रभान सकाळ-संध्याकाळ येऊन बसायचा. त्याला बोलायला फार आवडायचं आणि ऑफ सीझनला ऐकायला कोणी मिळायचं नाही.

"वैनी भाग्यवान," तो म्हणायचा. "माही जयमाला गेली तवा मी मोंढ्यात. पोरगं पळत आलं, तवर खलास. तू निदान जवळ होता. हातानं पाणी पाजलं."

पंजाबराव बशीतला चहा फुंकत राहायचे. इंद्रभान हे आठवड्यातून दोनदा तरी म्हणायचा आणि दर वेळी त्यांना वाटायचं की आता या खुर्चीवरून आपण उठूच शकणार नाही. चोर म्हणून पकडलं तर माणूस सुटतो तरी. देवमाणूस म्हणून पकडलं तर सुटायची वाट नसते.

गावात मात्र मोजणी सुरू झाली होती. पंधरा दिवसांत भाऊराव गेले. नव्वदीचा माणूस थंडीत गेला यात नवल ते काय, पण गावाने म्हटलं, एक. मग गजेंद्रची म्हैस गेली. म्हैस धरायची की नाही यावर पारावर दोन संध्याकाळी वाद झाला. एक पक्ष म्हणाला, पुतळे माणसांचे होते, म्हैस कशी चालेल? दुसरा म्हणाला, जीव तो जीव. शेवटी धरायची ठरली, कारण त्यामुळे एक माणूस वाचत होता. झाले दोन. राहिले तीन.

हा आकडा पुष्पांजलीपर्यंत पोचला. तिला पाचवा महिना होता तेव्हा सासू गेली, आता सातवा लागला होता. लग्नानंतर सहा वर्षांनी दिवस राहिले होते. बाळंतपणाला माहेरी जायचं, तर डोणगावहून भाऊ आला, शेताच्या बांधावरच उभा राहून बोलला आणि म्हणाला, पाच महिने होऊन जाऊ दे ताई, मग नेतो. पाच महिने होईपर्यंत मूल झालेलं असणार हे त्याला कळत नव्हतं असं नाही.

संक्रांत झाल्यावर चार दिवसांनी गजेंद्र तिला तपासणीसाठी देऊळगावला घेऊन आला आणि दुपारी दोघं लॉजवर आले. पुष्पांजली वर आली नाही. खालच्या पायरीवर बसली. पंजाबराव जिना उतरून आले. पोरीचे हात काटक्यांसारखे झाले होते, गालफडं बसली होती, आणि पोट तेवढं पुढे.

"रक्त कमी हाये म्हणते डाक्टरीण," गजेंद्र म्हणाला. "पोराची वाढ होऊन नाही राह्यली. खायले पाह्यजे म्हणते. हे खातच नाही, बाबा. दोन घास खाते अन् उठते. तुम्ही सांगा."

इंद्रभानने डब्यातली भाकर आणि वांग्याची भाजी ताटात वाढून आणली. पुष्पांजलीने ताट मांडीवर घेतलं आणि तसंच धरून बसली.

"खा पोरी," पंजाबराव म्हणाले.

"खाऊन काय करू मामाजी," ती म्हणाली. आवाजात रडू नव्हतं, तक्रारही नव्हती. "नेणारं तर नेतेच. आतापासून कायले माया लावू?"

तिने ताट पायरीवर ठेवलं. दोघं साडेतीनच्या गाडीने गेले. गाडी अकरा मिनिटं उशिरा सुटली आणि पंजाबरावांनी ते पाहिलं नाही.

त्या दिवशी त्यांच्या मनाने जी पलटी खाल्ली ती खाल्लीच. आजवर, आपलं खोटं मेलेल्या माणसाबरोबर गेलं आहे, त्याने कोणाचं काही बिघडत नाही, घर काय, पाच महिन्यांनी उघडेल, अशी ते स्वतःची समजूत घालत होते. आता ते खोटं पोटातल्या पोराच्या वाट्याचा घास खात होतं. ते बोलले नाहीत तर ही पोर भीतीने स्वतःला आणि लेकराला संपवणार, हे त्यांना लख्ख दिसलं. आणि बोलले तर? तर गोजर तहानेने, एकटी, हाताच्या अंतरावर नवरा घोरत असताना मेली, हे गावाला कळणार. गावाचं एक वेळ सोडा. गजेंद्रला कळणार.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने ते गावी गेले. गजेंद्रला शेतातून बोलावून घेतलं आणि त्याला घेऊनच गुरुजींच्या घरी गेले.

"वेळ चुकली," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "ती अडीचला गेली होती. अडीचच्या आधीच. पंचक नव्हतं. घर उघडा."

गुरुजींनी त्यांना बसवलं. पाणी दिलं. ते प्यावंसं वाटलं नाही.

"मंग चार दहा काऊन सांगतली?" गजेंद्रने विचारलं.

"मी बसलो होतो तिच्यापाशी."

"पावणेदोन तास? काय करत होते बाबा?"

"बसलो होतो."

"अन् तुम्ही पाणी पाजलं ते?"

इथे पंजाबराव अडले. "पाजलं," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांना कळलं की सारी गाडी पुन्हा रुळावरून घसरली. पाणी पाजलं तर ती जिवंत होती, जिवंत होती तर गेली कधी, आणि गेल्यावर कोणाला न उठवता हा माणूस का बसला? पाण्याचं तेवढं गाळलं आणि उरलेल्या खऱ्याला पायच राहिले नाहीत.

गुरुजींनी पंचांग उघडलंच नाही. त्यांचे डोळे भरून आले होते. "पंजाबराव," ते म्हणाले, "सुनेची अवस्था मलेबी दिसते. तिच्यापायी तुम्ही आपल्या अंगावर हे घेऊन राह्यले. असा सासरा भेटाले भाग्य लागते. पण नक्षत्र का माणसाच्या मायेनं मागं सरकते?"

"मी खरं बोलून राह्यलो."

"बाबा," गजेंद्र म्हणाला, आणि त्याने बापाच्या खांद्यावर हात ठेवला. कित्येक वर्षांत ठेवला नव्हता. "तुम्ही नका खोटं बोलू. तुमाले जमत नाही ते."

पंजाबरावांना हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना. साऱ्या आयुष्यात एकदा खोटं बोलले ते गावाने दगडावर कोरून ठेवलं, आणि खरं बोलले तर बापाची माया म्हणून डोळे पुसले. एसटीतली तीस वर्षांची नेकी अशी उलटून अंगावर आली.

गजेंद्र त्यांना स्टँडवर सोडायला निघाला होता. ते नको म्हणाले आणि एकटेच शेताकडे चालू लागले.

दुपारचं ऊन होतं. टिनाच्या खोलीच्या सावलीला पुष्पांजली बियाण्याच्या मिरच्या निवडत बसली होती. पिकलेल्या लाल एका बाजूला, डागाळलेल्या दुसऱ्या बाजूला. सासऱ्याला पाहून ती उठायला लागली.

"बस," पंजाबराव म्हणाले आणि तिच्यासमोर जमिनीवरच बसले. सासऱ्याने सुनेसमोर असं खाली बसायची आमच्याकडे रीत नाही. ती गोंधळून पदर सारखा करू लागली.

"मी काय सांगतो ते ऐक. मधात बोलू नको, नाहीतर मले सांगता येणार नाही," ते म्हणाले. आणि सांगितलं. एक वाजून पाच मिनिटं. पानी द्या जरा. देतो. डोळा लागला. अडीच वाजता गार मान, उशीत मुरलेलं पाणी. मग खाटेच्या काठावर बसणं. या वेळी काही गाळलं नाही. बोलताना ते मिरच्यांकडे बघत होते. "त्याच्यामुळं पंचक नाही पुष्पे. घरावर काही नाही, तुह्यावर काही नाही, लेकरावर काही नाही. जे हाये ते माह्यावर हाये. तू जेव. मले शिव्या दे, पण जेव."

पुष्पांजलीचे हात थांबले होते. शेडनेटची जाळी वाऱ्याने फडफडत होती. ही आता रडेल, किंवा उठून जाईल, किंवा थुंकेल, असं पंजाबरावांना वाटलं, आणि तिन्हीला ते तयार होते.

"मले माहीत हाये," ती म्हणाली.

त्यांनी वर पाहिलं.

"मी जागी होती. पोटात हे नुकतंच हलाले लागलं होतं, झोप येत नव्हती. आत्याबाईचा आवाज आला भिंतीतून. मले वाटलं तुम्ही हाये तिथं, द्याल. थंडी होती." ती एक मिरची हातात घेऊन तिचा देठ मोडत राहिली. "मंग आवाज बंद झाला. मी म्हणलं, देल्लं असन. सकाळी तुम्ही चार दहा म्हणले, आवाज तर कवाचाच बंद झाला होता, तवा मले समजलं. पण मी कोन्त्या तोंडानं बोलू? मीबी नाही उठली."

"तू पोटुशी होती पोरी. तुह्यावर कायचा दोष?"

"मी पंचकाले नाही भेत मामाजी. गाव भेते पंचकाले. मी याच्यासाठी भेते. तहानलेलं माणूस आपल्या दारातून गेलं. त्याची हाय कोठं जाते? लेकरावरच येते ना."

आता पंजाबरावांच्या लक्षात आलं की जे देऊन हिला सोडवायला आपण आलो, ते हिच्याजवळ आधीपासूनच होतं, आणि तेच हिला आतून खात होतं. आपण खोटं बोललो नसतो, त्याच रात्री भिंतीवर थाप मारून सगळं सांगितलं असतं, तर दोघंही रडले असते आणि पोर आज जेवली असती. दोन महिने दोघं एकाच गोष्टीखाली चिरडत होते, एक लॉजवर आणि एक शेतात, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण एकटे आहोत. त्यांना तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. तो उचलला गेला नाही.

"हाय माह्यावर आली पाह्यजे," ते म्हणाले. "तिनं मागतलं मले. तुले नाही. एकदा मागतलं, मी देतो म्हणलो अन् झोपलो. देवाले तेवढं तर दिसत असन."

पुष्पांजलीने मान वर केली. इतका वेळ ती खाली बघून बोलत होती.

"एकदा?" तिने विचारलं.

"एकदा. एक वाजून पाच मिनिटांनी."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. सांगावं की नाही असं तिच्या मनात आलं असावं, कारण तिने ओठ मिटले आणि पुन्हा उघडले.

"तीनदा मागतलं त्याइनं," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा बऱ्याच वेळानं. अन् तिसऱ्यांदा तुमचं नाव घेऊन."

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात गोजरबाईंनी त्यांना 'अवो' शिवाय हाक मारली नव्हती. ओळख द्यायची वेळ आली तरी त्या 'गजेंद्रचे बाबा' म्हणायच्या, दवाखान्याच्या खिडकीवर नवऱ्याचं नाव विचारलं तर पोराला पुढे ढकलायच्या. ते नाव त्या बाईच्या तोंडात कसं वाजतं हे पंजाबरावांना माहीतच नव्हतं.

थोड्या वेळाने गजेंद्र बांधावरून येताना दिसला. पुष्पांजली उठली आणि आत जाऊन चुलीशी बसली. तिने तवा ठेवला, भाकरी थापली, आणि ताटात वाढून घेऊन त्या दिवशी ती जेवली, सावकाश, भिंतीकडे तोंड करून. पंजाबरावांनी ते दारातून पाहिलं. संध्याकाळच्या गाडीने ते लॉजवर परत आले. ती हाक कोणत्या आवाजात आली होती, रागाने की काकुळतीने, हे सांगू शकणारं पुष्पांजलीशिवाय जगात कोणी नव्हतं, आणि तिला ते विचारायची त्यांची छाती पुढेही कधी झाली नाही.